पानांचा हिशेब ठेवणारा पाद्री

चैत्र संपत आला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे जंगल ओळखू येत नाही. साग उघडाबोडका उभा असतो आणि त्याची सुपाएवढी पाने पायाखाली कुरकुरत असतात. मोहफुले वेचून झालेली असतात, तेंदूपानांची तोडणी तोंडावर आलेली असते आणि पारा पंचेचाळिशी ओलांडण्याच्या बेतात असतो. पुण्या-मुंबईहून ताडोब्याला आलेला पाहुणा हे पाहून हळहळतो. जंगल वाळून गेले, असे त्याला वाटते. जंगल वाळलेले नसते. पाणी आटत चालले तेव्हा सागाने शहाणपणाने दुकान बंद केलेले असते, इतकेच.

याच भागातल्या एका शाळेत मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले. दर वर्षी फळ्यावर पानाचा आडवा छेद काढायचा, त्यात पर्णरंध्रे दाखवायची, रंध्राच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी काढायच्या आणि खाली बाष्पोच्छ्वास हा शब्द लिहायचा. मुले तो उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि गुण मिळवीत. पानातून पाणी जाते हे मी सांगत होतो. किती जाते, हे मला कुणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

विचारले ते आमच्या जावईबापूंनी. माझी धाकटी बहीण निफाड तालुक्यात दिली आहे. घरची द्राक्षबाग. २०१६ चा उन्हाळा दुष्काळाचा होता. विहिरीने तळ गाठला होता आणि बागेसाठी टँकर विकत घेणे चालू होते. मी सुट्टीत तिकडे गेलो, तेव्हा संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या जावईबापूंनी अगदी साधा प्रश्न टाकला. दादा, तुम्ही विज्ञानाचे मास्तर, एका वेलीला दिवसाला पाणी लागते तरी किती? आतून बहिणीच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबल्याचे मला जाणवले. तिलाही उत्तर हवे होते, कारण टँकरचे पैसे तिच्या पाटल्या मोडून आले होते. मला उत्तर देता आले नाही.

ती लाज बरोबर घेऊनच मी परत आलो आणि वाचायला लागलो. वाचता वाचता जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज पाद्र्यापाशी जाऊन पोहोचलो. हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला होता, आणि तोही द्राक्षवेलीसमोर उभे राहून. त्याचे नाव स्टीफन हेल्स.

हेल्सचा जन्म १७ सप्टेंबर १६७७ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या बेक्सबोर्न गावचा. घराणे प्रतिष्ठित, पण हा सहावा मुलगा. इस्टेट थोरल्याकडे जायची, धाकट्यांनी आपापली वाट शोधायची, अशी तिकडची रीत होती. त्याने धर्मोपदेशकाची वाट धरली आणि १६९६ साली शिक्षणासाठी केंब्रिजला गेला. त्याच वर्षी न्यूटन केंब्रिज सोडून लंडनच्या टांकसाळीत रुजू झाले होते. गुरू गेले होते, पण त्यांनी लावलेले वेड मागे उरले होते. जग समजून घ्यायचे तर ते मोजले पाहिजे, वजन केले पाहिजे, हे ते वेड. विल्यम स्टुकली नावाच्या मित्राबरोबर हेल्स रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा करी आणि खोलीवर परत आला की प्राण्यांची चिरफाड करी.

१७०९ साली लंडनजवळ थेम्सच्या काठी टेडिंग्टन या लहान गावी त्याची पाद्री म्हणून नेमणूक झाली. मरेपर्यंत, म्हणजे ५१ वर्षे, तो तिथेच राहिला. १७२० साली त्याने लग्न केले, पण वर्षभरातच पत्नी वारली. मूलबाळ नव्हते. त्याने पुन्हा लग्न केले नाही. चर्चचे काम, गावकऱ्यांची सुखदुःखे आणि घरामागची बाग, एवढाच त्याचा संसार होता.

त्याच्या आयुष्यातला एक भाग वाचताना अंगावर काटा येतो. तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. प्राण्यांच्या शरीरात रक्त किती जोराने वाहते, हे जगात पहिल्यांदा मोजले ते यानेच. एका घोडीला बांधून आडवी पाडली, तिच्या मांडीतल्या धमनीत नळी बसवली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढले. आज दवाखान्यात आपल्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहतात, त्या मोजमापाचा उगम या घोडीच्या मरणात आहे. शेजारच्या ट्विकनहॅम गावी राहणारा कवी अलेक्झांडर पोप हेल्सचा स्नेही होता, पण कुत्र्यांवरचे त्याचे प्रयोग पोपला सहन होत नसत. पुढे हेल्सने स्वतःच लिहून ठेवले आहे की या चिरफाडीच्या किळसवाण्या कामाने त्याचे मन मागे हटले. एक प्रश्न मात्र त्याच्या मनात घर करून राहिला. प्राण्यांत रक्त जोराने वाहते, तर झाडातला रस कशाच्या जोरावर वर चढतो?

त्याचे उत्तर शोधण्याची वाट त्याला अपघाताने सापडली. साल १७२० च्या आसपासचे असावे. बागेतली एक जुनी द्राक्षवेल छाटायला त्याला उशीर झाला होता आणि कापलेल्या खोडातून पाणी गळायचे थांबेना. निफाडच्या बायकांना हे सांगायला नको. छाटणीनंतर वेलीच्या टोकांतून टपटप पाणी गळते, ते त्या दर वर्षी पाहतात. हेल्सला मात्र वेल मरते की काय अशी भीती वाटली. त्याने नाना उपाय केले आणि शेवटी कापलेल्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला. थोड्या वेळाने पाहतो तो कातडी फुगून टम्म झालेली! आत एवढा जोर आहे म्हटल्यावर त्याच्या डोक्यात लगेच आले की घोडीला लावली तशी नळी वेलीलाही लावता येईल.

मग त्याने काचेच्या नळ्यांवर नळ्या जोडल्या, शिड्या लावल्या, पाऱ्याची नळी वापरली. एका वेलीत रसाचा जोर इतका भरला की त्याने पाणी सुमारे ३६ फूट वर उचलले असते. घोडीच्या रक्ताच्या चौपटीहून जास्त! कुंपणावर मुकाट पसरलेल्या वेलीच्या अंगात एवढी ताकद असते, हे त्याआधी कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

इथेच थांबला असता तर हेल्स नुसता चमत्कार दाखवणारा ठरला असता. पण त्याच्या लक्षात आले की हा जोर पाने फुटण्याआधीच्या दिवसांतला आहे. वेल पानांनी भरली की कापलेल्या जागेतून पाणी गळत नाही, उलट वेलच पाणी आत ओढून घेते. म्हणजे भर उन्हाळ्यात पाणी वर नेणारे दुसरे कुणी तरी असले पाहिजे. त्याने फांद्या कापून पाण्याच्या नळ्यांत ठेवल्या, काही पानांसकट आणि काहींची पाने खुडून. पानांच्या फांद्यांनी पाणी भराभर ओढले, बोडक्या फांद्या जवळपास तशाच राहिल्या. पाण्याला वर खेचणारी पाने आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. तो आजही टिकून आहे.

आता पाने किती पाणी खर्चतात ते मोजायचे होते. ३ जुलै १७२४ रोजी त्याने कुंडीतले साडेतीन फुटी सूर्यफूल निवडले. मातीतले पाणी परस्पर उडून जाऊ नये म्हणून कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून फटी बुजवल्या. पाणी घालण्यापुरते तोंड ठेवले आणि तेही बुचाने बंद केले. मग पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन केले. सूर्यफुलाने दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे जास्त पाणी हवेत सोडले. कडक उन्हाच्या एका दिवशी ते ३० औंसांवर गेले. रात्री खर्च फारच थोडा, आणि दव पडले तर काहीच नाही. शेवटी त्याने झाडाची पाने काढली, चौकटीत दोरे ताणून चौकोनांची जाळी केली आणि तिच्याखाली पाने धरून त्यांचे क्षेत्रफळ मोजले. ते ५,६१६ चौरस इंच, म्हणजे बरोबर ३९ चौरस फूट भरले. सतरंजीएवढी पाने आणि अर्धा किलो पाणी, असा पहिला पक्का हिशेब जगात मांडला गेला.

हाच प्रयोग त्याने कोबीवर केला, सफरचंदावर केला, लिंबावर केला आणि अर्थातच द्राक्षवेलीवर केला. तेवढ्याच पानांमागे वेल सूर्यफुलापेक्षा कमी पाणी सोडते आणि बाराही महिने हिरवी राहणारी लिंबासारखी झाडे त्याहून कमी, असे त्याला आढळले. झाडाझाडाचा स्वभाव वेगळा असतो, हे काट्याने दाखवून दिले.

यानंतर त्याने जे केले, ते मला त्याचे सगळ्यात मोठे काम वाटते. पाने पाणी सोडतात हे ठीक. पण ती काही घेतातही का? त्याने पुदिन्याचे रोप पाण्यावर पालथ्या घातलेल्या काचपात्रात ठेवले. काही दिवसांनी आतली हवा थोडी कमी झालेली दिसली. त्यावरून त्याने तर्क केला की झाडाला अन्न फक्त मुळांतून मिळत नाही, पानांतून हवेचाही काही भाग त्याच्या अंगात जातो आणि त्या कामात उजेडाचाही हात असावा. हवेत निरनिराळे वायू असतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते, त्यालाही नव्हते. पण पदार्थांतून निघणारी हवा पाण्यावर गोळा करण्याची जी युक्ती त्याने काढली, तीच पुढे प्रीस्टलीसारख्यांच्या कामी आली. १७७९ साली इंगेनहाउस यांनी झाडांच्या या व्यवहारात उजेडाचे काम दाखवून दिले, तेव्हा हेल्सच्या तर्काला आधार मिळाला.

हे सारे त्याने १७२७ साली व्हेजिटेबल स्टॅटिक्स या पुस्तकात छापले. पुस्तकाला रॉयल सोसायटीच्या वतीने परवानगीची सही आहे ती अध्यक्ष न्यूटन यांची, त्यांच्या मृत्यूच्या महिनाभरच आधीची. १७३५ साली ब्यूफाँ यांनी ते फ्रेंचमध्ये नेले. १७३९ साली हेल्सला कोपली पदक मिळाले आणि १७५३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने परदेशी सभासद करून घेतले.

मान वाढला तरी पाद्रीबुवा गावातच राहिले. पानांनी शिकवलेली हवेची गोष्ट त्यांनी माणसांना लावून पाहिली. कोंदट हवेत माणसे आजारी पडतात म्हणून तुरुंग, इस्पितळे आणि जहाजे यांत ताजी हवा खेळवणारी यंत्रे त्यांनी तयार केली. लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर १७५२ साली पवनचक्कीवर चालणारे असे यंत्र बसले. ते बसवणाऱ्या कामगारांपैकी काहींना तुरुंगातल्या तापाने गाठले, यावरून आतली हवा कशी असेल याची कल्पना यावी. तीच यंत्रे गुलामांच्या जहाजांवरही बसली. तिथे मरणाऱ्यांची संख्या घटली याचे त्यांना समाधान होते, पण मुळात त्या माणसांना कोंबून नेणेच पाप आहे, हे सांगायला त्यांची लेखणी पुढे आली नाही. मोजणाऱ्या माणसालाही सगळेच दिसते असे नाही.

स्वस्त जिन दारूने लंडनची गरीब वस्ती पोखरली, तेव्हा त्यांनी १७३४ साली दारूविरुद्ध पुस्तिका काढली, नाव न घालता. राजघराण्यातली माणसे त्यांच्या बागेत येत, आणि तेच पाद्रीबुवा शेजारच्या गृहिणींना सांगत की भांड्यात फळांची पाय भाजताना मधोमध एक कप पालथा घाला, म्हणजे रस उतू जात नाही. १७५४ साली त्यांनी खटपट करून टेडिंग्टनला पिण्याच्या पाण्याची सोय करून दिली. आणि चर्चच्या नोंदवहीत काय लिहिले असेल? देवाचे आभार, दानशूरांची नावे? त्यांनी लिहिले, की सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या तीन झोक्यांत दोन क्वार्टांचे, म्हणजे सव्वादोन लिटरांचे भांडे भरते. लंबकाची लांबीसुद्धा नोंदवून ठेवली. ४ जानेवारी १७६१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते वारले. आपल्या चर्चच्या मनोऱ्याखालीच त्यांना पुरले आहे.

हेल्सने काट्यावर मांडलेला हिशेब आज संगणकावर मांडतात. पानाचा व्यवहार थोडक्यात असा. साखर करायची तर हवेतला कर्बवायू आत घेतला पाहिजे. तो घ्यायचा तर रंध्रे उघडली पाहिजेत. आणि रंध्रे उघडली की आतले पाणी बाहेर जाणारच. द्राक्षाची रंध्रे जवळजवळ सगळी पानाच्या खालच्या बाजूला असतात. मुळांनी ओढलेल्या पाण्यातले फारच थोडे वेल स्वतःजवळ ठेवते, बाकीचे या सौद्यात जाते. १९८० साली फार्कर, फॉन कॅमरर आणि बेरी या तिघा शास्त्रज्ञांनी कर्बवायू घेण्याच्या वेगाचे गणित बसवले. ते आपल्या स्वयंपाकघरातून समजते. भाकऱ्या किती होतील हे थापणारे हात आणि चुलीची आच यांपैकी जे कमी पडेल त्यावर ठरते. तसेच पानातली विकरे आणि उजेडाने पुरवलेली शक्ती यांपैकी जे कमी, तेवढेच काम होते. त्याला रंध्रे किती उघडतील याचे एक गणित आणि पान किती तापेल याचे दुसरे गणित जोडतात. रंध्रे मिटली की पान तापते, पान तापले की पाण्याची ओढ वाढते, म्हणून ही गणिते एकमेकांशी जुळेपर्यंत संगणक फिरवीत राहतो. मांडवावरची उन्हातली पाने वेगळी धरतात, खालची सावलीतली वेगळी. पानाला चिमट्यासारखी लहान पेटी लावून आत गेलेला वायू आणि बाहेर आलेली वाफ मोजतात आणि गणित खरे का खोटे ते पडताळतात. पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. बाष्पीभवन किती आणि वेल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर, हे पाहून पाणी द्यायचे, हा आता बागाईतदारांना परिचयाचा मार्ग झाला आहे.

पुढच्या मार्चमध्ये मी मुलांना घेऊन हेल्सचा प्रयोग केला. कुंडीत सूर्यफूल, तोंडाला प्लॅस्टिक आणि किराणा दुकानातून मागून आणलेला काटा. ढगाळ दिवशी कुंडी कमी हलकी होते, हे जंगलाकडच्या एका गावाहून येणाऱ्या मुलीने सगळ्यांच्या आधी ओळखले. मग तिने विचारले, सर, सागाने पाने टाकली म्हणजे त्याचे पाणी पिणेही बंद झाले का? जवळजवळ बंद झाले, मी म्हणालो. ३१ वर्षांत इतके नेमके उत्तर मी पहिल्यांदाच देत होतो.

त्याच सुट्टीत निफाडला गेलो. टँकरच्या देण्यापायी अर्धी बाग काढून टाकलेली होती. उरलेल्या अर्ध्या बागेच्या बांधावर मी जावईबापूंना सांगितले की एका वेलीला पाणी किती, याला एकच आकडा नाही. तिच्या अंगावर पाने किती आणि त्या दिवशी ऊन-वारा किती, यावर तो ठरतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल बोडकी असते आणि पुढे मांडव भरतो. दोन्ही वेळा सारखेच पाणी सोडत असू, तर कधी तरी वाया जाते आणि कधी तरी कमी पडते. ते बराच वेळ गप्प होते. आदल्या उन्हाळ्यात छाटलेल्या बोडक्या वेलींनाही त्यांनी भरल्या मांडवाइतकेच पाणी दिले होते. टँकरचे पाणी. बहीण म्हणाली, दादा, हे गेल्या वर्षी सांगितले असतेस तर. मी म्हणालो, गेल्या वर्षी मला ठाऊक नव्हते.

आता ते ठिबकचा कॉक उघडण्याआधी मांडवाकडे बघतात. घरात एक वही आहे, तिच्यात रोजचे पाणी लिहिलेले असते, आणि अक्षर बहिणीचे आहे. मीही इकडे एक वही घातली आहे. उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या नळाला गुंड भरायला किती सेकंद लागतात, ते मी घड्याळ लावून तिच्यात लिहितो. शेजारी हसतात. पण मे महिन्यात पाणी उतरले की तेच येऊन विचारतात, मास्तर, आज किती?